संथ चाचण्या : आधी मोजमाप, मग नवा सर्व्हर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गोव्यातील संगणक उद्योगाविषयी वाचक लिहितात तेव्हा चर्चा बहुधा जमीन, इमारती, वीज आणि नोकऱ्या यांच्याभोवती फिरते. प्रत्यक्ष कामातल्या एका दुखण्याविषयी मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी चोडणला राहतो आणि पणजीतील एका लहान कंपनीत हॉटेलांच्या आरक्षणाचे सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम करतो. आमच्या कोडमध्ये कोणी बदल केला की तो ग्राहकापर्यंत जाण्याआधी बाराशेच्या आसपास स्वयंचलित चाचण्या, म्हणजे टेस्ट, सर्व्हरवर आपोआप चालतात. त्या संपायला ४१ मिनिटे लागू लागली, तेव्हा माणसे टेस्ट लावून चहाला जाऊ लागली. पुढे तीन-चार जणांचे बदल एकत्र करून एकदाच टेस्ट लावायची सवय पडली आणि मग एखादी टेस्ट नापास झाली की नेमका कोणाचा बदल चुकला हे शोधण्यात दुपार जाऊ लागली. डिसेंबरचा हंगाम तोंडावर असताना बैठकीत ठरले, की दुप्पट ताकदीचा सर्व्हर घ्यावा.

मी सकाळी रायबंदरला येताना फेरीबोटीच्या रांगेत उभा असतो. नदी ओलांडायला काही मिनिटे लागतात. उरलेला वेळ धक्क्यावरच जातो. बोटीला दुप्पट ताकदीचे इंजिन बसवले तरी ती रांग आखूड होणार नाही. म्हणून खरेदीचा कागद पुढे जाण्याआधी, आमच्या टेस्ट खरोखर काम करीत आहेत की नुसत्या थांबून आहेत, हे पाहण्यासाठी मी एक दिवस मागून घेतला.

लिनक्स या संगणकप्रणालीवर त्यासाठी ‘टाइम’ ही साधी आज्ञा पुरते. घड्याळात किती वेळ गेला आणि त्यांपैकी प्रोसेसरने किती वेळ प्रत्यक्ष काम केले, हे ती वेगवेगळे सांगते. आमच्या ४१ मिनिटांपैकी प्रोसेसरचे काम जेमतेम ९ मिनिटांचे निघाले. डेटाबेस वेगळ्या प्रक्रियेत, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रामात, असल्यामुळे त्याचा वेळ या आकड्यात येत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. तरीही दुप्पट वेगाच्या प्रोसेसरमुळे फार तर चार-साडेचार मिनिटे वाचली असती, हे तेवढ्यावरून कळले. दुसरी पायरी म्हणजे सर्वांत संथ टेस्टची यादी. टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्ट या साधनात ती ‘ड्युरेशन्स’ या पर्यायाने मिळते, तशाच आरस्पेक या साधनात ‘प्रोफाइल’ने. पायटेस्टची यादी प्रत्येक टेस्टची पूर्वतयारी, प्रत्यक्ष टेस्ट आणि आवराआवर यांचा वेळ वेगळा दाखवते. अनेकजण फक्त पहिल्या ओळी पाहून यादी मिटतात, आणि तिथेच चूक होते.

आमच्या यादीत आरक्षणाच्या सुमारे ८० टेस्ट प्रत्येकी दहा सेकंदांहून किंचित अधिक वेळ घेत होत्या. खऱ्या कामाला लागणारा वेळ कमीजास्त होत असतो. सगळीकडे सारखाच गोल आकडा दिसला की कुठेतरी मुदत संपेपर्यंत थांबणे चालू आहे, असे समजावे. लिनक्समध्ये संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता विचारताना उत्तरासाठी मूळ मांडणीत पाच सेकंद थांबतात आणि दोनदा प्रयत्न करतात. आमच्या टेस्ट ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, चालतात त्याला बाहेरच्या जाळ्याची वाट मुद्दाम बंद ठेवलेली होती, आणि आरक्षण पक्के झाल्याचा एसएमएस पाठवणारा कोड मात्र प्रत्येक वेळी बाहेर पत्ता विचारीत होता. दहा सेकंदांनी तो हात टेकत असे आणि पुढे, कोणीतरी कधीकाळी घाईत लिहिलेल्या ओळीमुळे, ती चूक मुकाट्याने गिळली जात असे. म्हणजे टेस्ट हिरवी, पास झालेली, दिसत होती, पण एसएमएसची तपासणी कधी झालेलीच नव्हती. वेळेच्या मागे लागलो नसतो तर हे उघड झालेच नसते. आता तिथे एक बनावट प्रेषक बसवला आहे. तो संदेश पाठवत नाही, पण कोणता मजकूर कोणाला पाठवायला सांगितला होता याची नोंद ठेवतो आणि टेस्ट ती नोंद तपासते.

ब्राउझर चालवून पाहणाऱ्या साठेक टेस्टचा दोष अगदी सरळ होता. पान उघडेपर्यंत ‘पाच सेकंद थांब’ अशी आज्ञा प्रत्येकीत तीनदा लिहिलेली होती, आणि तिथेच १५ मिनिटे जात होती. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या, २००४ साली सुरू झालेल्या सेलेनियम या साधनात ‘अमुक बटण दिसेपर्यंत थांब’ असे सांगण्याची सोय केव्हाच आली आहे. तरीही पान उशिरा उघडले म्हणून टेस्ट नापास झाली की सेकंद वाढवायचे, हाच उपाय आम्ही सारे, मीही, करीत आलो.

प्रोसेसरच्या ९ मिनिटांत काय होते, हे मला सर्वांत उद्बोधक वाटले. जवळपास प्रत्येक टेस्टच्या पूर्वतयारीत एक पाहुणा आणि त्याचा पासवर्ड तयार होत होता. पासवर्ड चोराला सहज फोडता येऊ नये म्हणून तो साठवताना मुद्दाम लाखो आवर्तने केली जातात. आम्ही वापरतो त्या जँगो या वेब-चौकटीच्या २०१२ मधील १.४ आवृत्तीत ती १०,००० होती. २०२५ मधील ५.२ आवृत्तीत १०,००,००० आहेत. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण आवृत्ती बदलली की आमच्या टेस्ट, कोणी एक ओळही न लिहिता, आणखी संथ होत गेल्या. टेस्टपुरता हलका हॅशर, म्हणजे पासवर्डवर ही आवर्तने करणारा भाग, वापरावा, असे जँगोची मार्गदर्शिकाच सुचवते. खुद्द पासवर्डची तपासणी करणाऱ्या मोजक्या टेस्टना आम्ही खरा हॅशर ठेवला. शिवाय तोच तो डेटा प्रत्येक टेस्टआधी भरण्याऐवजी टेस्टच्या वर्गामागे, म्हणजे एकत्र लिहिलेल्या टेस्टच्या गटामागे, एकदाच भरला. ही सोय २०१५ मधील १.८ आवृत्तीपासून आहे.

एवढ्यावर ४१ मिनिटांची ९ झाली. टेस्ट चार प्रक्रियांत समांतर चालवण्याचे काम आम्ही मुद्दाम शेवटी घेतले. आधी घेतले असते तर हे सारे दोष चार ठिकाणी विभागून झाकले गेले असते. समांतर चालवताच काही टेस्ट एकाच फाइलवर लिहितात आणि काही आधीच्या टेस्टने मागे ठेवलेल्या डेटावर विसंबून आहेत, हे उघडे पडले. त्या दुरुस्त करण्यात चार दिवस गेले, म्हणजे बाकीच्या सगळ्या कामापेक्षा जास्त. शिवाय जँगो एकेक टेस्ट नव्हे, तर टेस्टचा अख्खा वर्ग एका प्रक्रियेकडे देतो. त्यामुळे एक अवाढव्य वर्ग फोडेपर्यंत तीन प्रक्रिया रिकाम्या बसत होत्या. जे विभागता येत नाही त्याच्या वेळेखाली एकूण वेळ जात नाही, हे संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच मांडले होते. आज टेस्ट चार मिनिटांच्या आत संपतात. नवा सर्व्हर घेतला नाही.

आमच्याकडे प्रशिक्षणासाठी येणारी अभियांत्रिकीची मुले प्रोग्राम सफाईने लिहितात. पण एखादी टेस्ट संथ का आहे असे विचारले, तर बहुतेकांचे पहिले उत्तर ‘मशीन जुने आहे’ असेच असते. दोष त्यांचा नाही, त्यांच्या हाती असे काम कोणी दिलेलेच नसते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी दरवर्षी नवे ॲप करून घेण्याऐवजी मुक्त स्रोतातील एखाद्या जुन्या प्रकल्पाच्या टेस्ट दोन-तीन विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात, वेळ कुठे जातो याची नोंद आधी लिहून घ्यावी आणि त्या नोंदीला वेगळे गुण ठेवावेत, अशी गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. त्यासाठी लागणारी सगळी साधने विनामूल्य आहेत आणि प्रयोगशाळेतील आहेत ते संगणक त्याला पुरतील.

आपला नम्र,
एक सॉफ्टवेअर अभियंता, चोडण – तिसवाडी