आई, या वेळी पुढच्या सीटवर तू बसायचं

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकच सूर लावलात. तुम्ही जाऊन या, आम्ही कशाला, आमच्यामुळे सारखं थांबावं लागेल. आईने गुडघे पुढे केले, बाबांनी माझी सुट्टी. फोनवर मी फार ताणलं नाही. अशा वेळी बाबा "बघू" म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून पत्र लिहायला बसले. आई, तू चष्मा लावून मोठ्याने वाच, म्हणजे दोघांचं एकदमच वाचून होईल.

समुद्रावर जायचं ठरलं तेच मुळी तुमच्यासाठी. तुम्ही येणार नसाल तर आम्हीही घरीच राहू. लहानपणी आपण गाडीने समुद्रावर जायचो ते मला लख्ख आठवतं. बाबा गाडी चालवायचे, पुढे त्यांच्या शेजारी कुणीतरी काका नाहीतर मामा, आणि आई मागे. मांडीवर पिशवी, खांद्यावर झोपलेलं माझं डोकं. पोहोचलो की आम्ही सगळे पाण्याकडे धावायचो आणि आई वाळूवर चादर अंथरून चपला, घड्याळं, टॉवेल, बाबांचं पाकीट राखत बसायची. आई, तुझे पाय ओले झालेले मला आठवतच नाहीत. लांबून हात हलवणारी तू आठवतेस, "फार आत जाऊ नका" ही हाक आठवते. आता माझी लेक पाण्यात उतरते आणि मी तिच्या शेजारी उभी असते, तेव्हा मला हे फार लागतं. इतक्या वेळा समुद्रावर येऊन तुझ्या वाट्याला समुद्र आलाच नाही.

तेव्हा या वेळी चपला राखायला मी बसणार आणि गाडीत पुढची सीट तुझी.

पुढच्या सीटला कारणही आहे. ती मागे सरकते, त्यामुळे तुला पाय लांब करता येतील, गुडघे तासन् तास दुमडून ठेवावे लागणार नाहीत. चढताना आधी गाडीकडे पाठ करून सीटवर बसायचं, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घ्यायचे. उतरताना उलट. एक पाय आत टाकून अंग पिळून बसतेस ना, तिथेच गुडघा दुखावतो. सीट थोडी उंच करून ठेवीन, कंबर गुडघ्यांपेक्षा जरा वर राहिली की उठायला सोपं जातं. आणि पट्टा टोचतो म्हणून तू तो काखेखालून घेतेस, ते मात्र मी चालू देणार नाही. वरचा पट्टा खांद्यावरून छातीच्या मधून गेला पाहिजे, खालचा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. जोराचा ब्रेक लागला तर हाडं झटका सोसतात, पोटाला तो सोसत नाही. मानेला टोचत असेल तर पट्टा वरखाली करायची सोय बाजूच्या खांबावर आहे, ती आपण निघायच्या आधीच लावून बघू.

आता पाण्याचं. हे मी तुझ्याशी कधी उघड बोलले नाही, पण लहानपणापासून पाहत आलेय. प्रवास म्हटला की तू आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतेस. वाटेत कुठे जागा मिळेल, कशी असेल, कुणाला थांबवायचं, या संकोचाने तू दिवसभर घोटभर पाण्यावर काढतेस. घराघरांतल्या बायका हेच करत आल्या आहेत आणि आपण त्याला सोशिकपणा म्हणत आलो. मला तो त्रास वाटतो, निव्वळ त्रास. वय वाढलं की तहान मुळातच कमी लागते, म्हणजे शरीरात पाणी कमी पडलं तरी ते कळत नाही. मग डोकं दुखतं, चक्कर येते, लघवीला जळजळ होते, आणि तू म्हणतेस प्रवास बाधला. या वेळी थांबे मी आधी ठरवलेत आणि ते ठरवताना पहिली चौकशी स्वच्छतागृहाचीच केलीय: कमोड आहे का, पायऱ्या किती आहेत, धरायला काही आहे का. साधारण दीड-दोन तासांनी गाडी थांबेलच, कुणाला जायचं असो वा नसो. "माझ्यासाठी थांबा" असं तुला एकदाही म्हणावं लागणार नाही.

आणि हे थांबणं तुम्हा दोघांपुरतं नाही. माणूस तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसला की पायांतलं रक्त तिथेच साचतं. पोटऱ्यांचे स्नायू चालताना आवळले-सैल झाले की ते पंपासारखं रक्त वर हृदयाकडे ढकलतात, बसून राहिल्यावर हा पंप बंद पडतो. सलग 4 तासांहून जास्त प्रवास झाला की शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि वयाबरोबर तो आणखी वाढतो. म्हणून उतरल्यावर पाच मिनिटं चालायचं, आणि गाडीत बसल्या बसल्याही पावलं वर-खाली करत राहायची. बाबा, तुमच्या पायांवरच्या फुगलेल्या शिरांबद्दल डॉक्टरांना दाखवून घ्या. ते म्हणाले तरच प्रवासात घालायचे घट्ट मोजे घेऊ, आपल्या मनाने नको.

बाबा, आता तुमच्याकडे येते. तुम्हाला मागे बसवतेय. तुमच्या शेजारी नात असेल आणि तिला वाटेतली प्रत्येक नदी, प्रत्येक डोंगर कुणीतरी समजावून द्यायला हवाच आहे. मला सगळं कुणी समजावलं, ते तुम्हाला माहीत आहे. तिला गाडी लागते. डोळे पुस्तकात स्थिर आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, या गोंधळातून मळमळ होते. तिला पुस्तक, मोबाइल काही देऊ नका, लांब क्षितिजाकडे बघायला लावा. आणि तुम्हाला तसं वाटलं तर दुकानातून आणलेली उलटीची गोळी परस्पर घेऊ नका. अशा बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, उतारवयात कधी कधी माणूस गोंधळतो, आणि प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडकू शकते. रक्तदाबाच्या गोळीने तुम्हाला सारखं जावं लागतं म्हणून प्रवासाच्या दिवशी ती चुकवायचीही नाही. वेळ पुढे-मागे करता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारा.

तुमचं इन्सुलिन आणि सगळी औषधं माझ्या हातातल्या पिशवीत राहतील, डिकीत नाही. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत पहिल्या 10 मिनिटांतच आतलं तापमान सुमारे 10 अंश सेल्सिअसने चढतं. त्यात इन्सुलिन खराब होतं. "दोनच मिनिटं, मी गाडीतच बसतो" हेही नको, बाबा. तुम्ही आमच्याबरोबर उतरायचं.

पहाटे तीनला निघायची तुमची पद्धत या वेळी मोडणार आहे. तुम्ही तसं का करायचात ते मला ठाऊक आहे: रस्ता मोकळा, ऊन नाही, पोरं झोपलेली. पण मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत शरीर झोपच मागत असतं, चालवणारा कितीही पक्का असो. ताशी 80 किलोमीटरने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे 66 मीटर, आणि त्या 66 मीटरांत गाडीला कुणीच चालवत नसतं. हिशेब तपासून बघा. शिवाय वयाबरोबर डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळे समोरच्या दिव्यांनी तुम्ही दिपता. वाटेत थोडा वेळ चालवायला द्या असं तुम्ही म्हणालात, तर सकाळच्या उजेडात, सरळ रस्त्यावर, मी शेजारी बसेन आणि तुम्ही चालवा. ते मला मनापासून आवडेल. रात्री मात्र कुणीच चालवायचं नाही. नीट उजाडल्यावर निघायचं, दुपारी जेवणानंतर सुस्ती येते तेव्हा थांबायचं, मध्ये एक मुक्काम करायचा आणि दिवेलागणीच्या आत खोलीवर असायचं. तुमचे जावई आणि मी आलटून पालटून चालवू.

गाडीची काळजी करू नका. हवा सकाळी टायर थंड असताना भरून घेईन. सामान आणि पाच माणसं असताना किती हवी, तो आकडा दाराच्या चौकटीवर लिहिलेला आहे. स्टेपनीतलीही बघीन, ती सगळे विसरतात.

तारखा तर तुमच्या आवडीच्या पद्धतीने काढल्या आहेत. मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक घेऊन बसले होते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ताकद लागते. पाऊल आत रुततं, घोटा वळतो, आणि आईचे गुडघे शंभर पावलांत दमतील. पण ओहोटीने पाणी मागे गेलं की जी ओली, दाबून बसलेली सपाट वाळू उघडी पडते, तिच्यावर चालणं अंगणात चालण्याइतकं सोपं असतं. तिथली मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी येते. तेव्हा सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत असते, म्हणून भरती खूप वर चढते आणि ओहोटीला पाणी तितकंच दूर जातं. मी पौर्णिमा धरली. ऊन उतरलेलं, वाळू रुंद आणि घट्ट, आणि सूर्य मावळायच्या सुमारास पाठीमागून चंद्र वर येत असेल.

बाबा, रोजची ओहोटी आदल्या दिवसापेक्षा साधारण 50 मिनिटं उशिरा येते, हे लक्षात ठेवून तिथल्या दिवसांचा तक्ता तुम्ही करून ठेवाल का? पृथ्वी एक फेरी पूर्ण करेपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तेवढा वेळ जास्त लागतो, असं मी लेकीला सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. तुम्ही चेंडू घेऊन सांगाल तेव्हा होईल. तिने आणखी एक विचारून ठेवलंय: समुद्र दिसतो तेवढा किती लांब असतो? किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं, आणि 30 मीटर उंच टेकडीवर चढलं तर साडेएकोणीस. तिला हे खरंच वाटत नाही. सूत्र तुम्हीच काढून दाखवा.

पाण्याबद्दल थोडं. ऐन उधाणाच्या दिवसांत आत कुणीच जायचं नाही, लेकही घोट्याभर पाण्यातच, तेही जीवरक्षक असेल तिथे आणि आमच्यापैकी एकाचा हात धरून. लाटांच्या मधली शांत, गडद दिसणारी पट्टी फसवी असते. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोरात परत जातं. त्यात कुणी सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पडायचं. हे तिला मी पाठ करून घेतलंय. बाबा, तुम्ही अनवाणी चालायचं नाही. साखरेमुळे तळपायाला चटका किंवा शिंपल्याची काप कळत नाही आणि जखम भरायला वेळ लागतो. मागे पट्टा असलेल्या सँडल घ्या, मधल्या पट्टीत बोट अडकवायच्या नकोत, आणि खोलीवर आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या मधून पुसून मी बघणार.

आई, तुझ्या पायांना ती अडचण नाही. तू चप्पल काढून ओल्या वाळूवर यायचं. एका बाजूला जावई असतील, दुसऱ्या बाजूला बाबा. लाट आली की पायाखालची वाळू सरकते आणि पहिल्यांदा भोवळल्यासारखं होतं. तेव्हा खाली पाण्याकडे बघायचं नाही, लांब बघायचं. घाई काहीच नाही. पहिल्या दिवशी नुसतं कडेपर्यंत आलीस तरी चालेल, दुसऱ्या दिवशी पुढचं बघू. आणि आलीच नाहीस, खुर्चीवर बसून वारा खावासा वाटला, तर तेही ठीक आहे. फक्त तेव्हा तुझ्या मांडीवर कुणाचीही पिशवी असणार नाही.

तुम्ही आलात तर आमची गाडी हळू जाईल, हे खरं आहे. मला हळूच जायचंय. तुम्ही जोरात चालायचात तेव्हा मी लहान होते आणि तुम्ही माझ्यासाठी थांबायचात. आता तुमच्या चालीने चालण्यात माझं काहीही कमी होत नाही, उलट हेच मला हवंय. तुम्ही धडधाकट असताना, हसत-बोलत, गाडीत सगळे बरोबर असताना जायचंय. "पुढच्या वर्षी बघू" हे मला मान्य नाही.

या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन या. बाबांच्या गोळ्यांच्या वेळा, पायांचे मोजे, आईच्या गुडघ्याचा पट्टा, या तीन गोष्टी विचारायच्या, आणि चालू औषधांची चिठ्ठी दोन प्रतींत लिहून घ्यायची. एक माझ्याकडे राहील. आईचे जुने सँडल झिजलेत, नवे घ्या आणि निघायच्या आधी घरात घालून मऊ करा. रविवारी संध्याकाळी मी फोन करीन. तेव्हा "येतो" एवढंच सांगा, म्हणजे सोमवारी तळमजल्यावरची खोली पक्की करते. तिथून वाळूपर्यंत एकही पायरी नाही, मी विचारून घेतलंय.

तुमची,
ताई