युसुफभाईंना, तारा गावाकडून एक पत्र

आदरणीय युसुफभाई,

2 जुलै 1950 ला तुम्ही गेलात, तेव्हा माझ्या आईचा जन्मही झाला नव्हता. तरी आमच्या घरची चूल बरीच वर्षं तुमच्या नावावर पेटली. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसणार, म्हणून मी लिहिते आहे.

मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याचं अभयारण्य मागे टाकलं की तारा गाव लागतं. तिथे युसुफ मेहेरअली सेंटर आहे. आमच्याकडे पूर्ण नाव कोणी घेत नाही, नुसतं ‘सेंटर’ म्हणतात. मी चौथीत असताना वडील वारले आणि आई सेंटरच्या साबणाच्या कामाला लागली. साच्यात घट्ट झालेला साबण तारेने कापायचा, वड्यांच्या कडा हाताने साफ करायच्या, कागदात गुंडाळायच्या. संध्याकाळी ती घरी आली की आधी तिच्या ओंजळीला येणारा कडुनिंबाचा वास यायचा, मग ती दिसायची. त्या पगारावर माझी शाळा झाली, कॉलेज झालं. आज मी एका महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसते.

भिंतीवरच्या फोटोतले तुम्ही कोण, हे मला नोकरी लागल्यावर नीट कळलं. आधी एवढंच ठाऊक होतं की स्वातंत्र्यसैनिक होते. तुम्ही मुंबईचे महापौर होतात, हे वाचलं त्या दिवशी मात्र मी चमकले. महापालिकेतच काम करते ना मी.

मग जे मिळेल ते वाचत गेले. गिरणीमालकाच्या घराण्यातला मुलगा, वकिली शिकलेला, पण राजकारणापायी सनद नाकारलेला. 3 फेब्रुवारी 1928 ला सायमन कमिशन मुंबईच्या धक्क्यावर उतरलं, तेव्हा हमालांचे कपडे घालून तुम्ही आत शिरलात आणि ‘सायमन गो बॅक’ची घोषणा दिलीत. मग मिठाचा सत्याग्रह, नाशिकचा तुरुंग, 1934 चा काँग्रेस समाजवादी पक्ष. महापौरपदासाठी तुमचं नाव पुढे आलं, तेव्हाही तुम्ही तुरुंगातच होतात. 1942 मध्ये निवडून आलात, वय अवघं 38. त्या वेळेपर्यंत मुंबईला एवढा तरुण महापौर मिळाला नव्हता.

महापौरांच्या हाती अधिकार किती असतात, हे खिडकीवर बसणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. सह्या आणि पैसा आयुक्तांकडे. महापौरांकडे सभा चालवणं आणि शहराच्या वतीने बोलणं. मुंबईत तुमच्या काळीही तसंच होतं. पण शहराच्या वतीने बोलणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तुमच्याकडे बघून समजलं. गांधीजी घोषणेसाठी शब्द शोधत होते, तेव्हा ‘क्विट इंडिया’ हे दोन शब्द तुम्ही सुचवलेत, असं सांगतात. त्याच नावाची पुस्तिका तुम्ही छापलीत, बिल्ले वाटलेत. 8 ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला आणि 9 ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली, तीत तुम्हीही होतात. महापौरपदाला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते.

पण मला तुमचे आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तुरुंगात तुम्हाला हृदयविकाराचा झटका आला. सरकारने बाहेरच्या इस्पितळात खास उपचारांची तयारी दाखवली. तुम्ही म्हणालात, माझ्याबरोबरच्या दोन आजारी कैद्यांनाही हीच सोय द्या, तरच मी जाईन. सरकारने ते मानलं नाही आणि तुम्ही तिथेच राहिलात. 1943 मध्ये सुटलात, पण तब्येत गेली ती गेलीच.

हे मी आईला एका रविवारी वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला तिचा. म्हणाली, “बाहेर आल्यावर तरी बरे झाले का गं ते?” मी सांगितलं, सात वर्षांनी गेले, वय 46. सगळी मुंबई थांबली होती दुसऱ्या दिवशी, बसगाड्या, ट्राम, लोकल सगळं. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आम्हाला कधी कोणी ‘तू कोणाची, कुठली’ असं विचारलं नाही तिथे. आता कळलं का ते.”

तुमच्या मागून आलेल्यांचेही आभार तुमच्याकडेच पोचवते. डॉ. जी. जी. पारिख 1942 च्या आंदोलनात विद्यार्थी असतानाच तुरुंगात गेले होते. 1961 मध्ये सोबत्यांना घेऊन त्यांनी तुमच्या नावाने सेंटर उभं केलं. शंभरी गाठेपर्यंत ते या कामात होते. पुतळा उभारणं सोपं होतं. त्यांनी दवाखाना काढला, शाळा चालवल्या, तेलाची घाणी बसवली, साबण केला. म्हणून माझ्या आईला काम मिळालं.

परवा खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं होती. एक आजोबा बायकोच्या मृत्यूचा दाखला घ्यायला आले. त्यांच्यामागे आणखी दोघं उभे होते. मी तिघांचेही कागद घेतले, दाखले हातात दिले आणि मगच खिडकी लावली. उशीर झाला, माझी नेहमीची एसटी गेली. घरी आल्यावर आईला सांगितलं तर तिने काही न बोलता ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिली.

आईच्या पगारासाठी, माझ्या शाळेसाठी, आणि त्या दोन कैद्यांसाठी थांबलात त्यासाठी, मनापासून आभार, युसुफभाई.

तुमची ऋणी,
सेंटरच्या साबण विभागात काम केलेल्या बाईंची मुलगी