रेल्वेचित्रांसाठी फलाटावर थोडी जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेल्वे स्थानकांच्या भिंती रंगवून घेण्याचे उपक्रम गेली काही वर्षे आपल्याकडे सुरू आहेत आणि त्यांचे कौतुकही होते. पानाच्या पिचकाऱ्यांतून एखादी भिंत सुटली, तरी ती जमेचीच बाजू आहे. परंतु ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील अशा भिंती मी जेव्हा जेव्हा थांबून पाहतो, तेव्हा त्यांवर वारली पद्धतीचा तारपा नाच असतो, फुलपाखरे असतात, स्वच्छतेचे संदेश असतात. रेल्वे मात्र क्वचितच असते, आणि असलीच तर ती भलत्याच देशातली असते. याविषयी एक छोटीशी मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या भागातील एका भिंतीवर १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यात आलेल्या पहिल्या गाडीचे चित्र काढलेले आहे. रंगकाम मन लावून केले आहे. पण इंजिनाच्या तोंडाशी रुळांवरची गुरे बाजूला सारणारी लोखंडी जाळी आहे आणि वर उलट्या घंटेसारखे रुंद तोंडाचे धुराडे. असे धुराडे अमेरिकेत लाकूड जाळणाऱ्या इंजिनांना, ठिणग्या उडून रानाला आग लागू नये म्हणून बसवत असत. बोरीबंदरहून ३४ किलोमीटरचे अंतर कापून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुण्यांना ठाण्यात घेऊन आलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिने इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली होती. त्यांना पुढे लहान चाकांची एक जोडी आणि मागे मोठ्या चाकांच्या दोन जोड्या होत्या. चित्रकाराला मी दोष देत नाही. त्याला मोबाइलवर जे सापडले, ते त्याने भिंतीवर उतरवले. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली असल्यामुळे माझी नजर अशा ठिकाणी जरा खाष्टपणाने अडते, हेही कबूल करतो. तरीही ज्या गावात देशातली पहिली प्रवासी गाडी येऊन थांबली, त्या गावात तरी तिची चाके मोजून काढली जावीत, ही अपेक्षा फार मोठी नाही.

रेल्वे हा चित्राचा विषय होऊ शकतो, हे जगाला पटवून द्यावे लागत नाही. ठाण्यात गाडी येण्याच्या नऊ वर्षे आधी, १८४४ मध्ये, टर्नर या इंग्रज चित्रकाराने पावसात पुलावरून येणाऱ्या गाडीचे चित्र लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले. त्यात पूल, नदी आणि आभाळ एकमेकांत विरघळले आहे, इंजिनाचे काळे तोंड तेवढे ठळक आहे, आणि त्याच्या पुढे रुळांमधून जीव घेऊन धावणारा एक ससा आहे, जो आज रंग फिका पडल्यामुळे शोधावा लागतो. १८६२ मध्ये फ्रिथ या इंग्रज चित्रकाराने लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाचे चित्र केले, तेव्हा त्याचे लक्ष इंजिनापेक्षा फलाटावर होते: मुलाला निरोप देणारी आई, सामानाची घाई, आणि एका कोपऱ्यात गाडीत चढता चढता पोलिसांच्या हाती सापडलेला गुन्हेगार. आपल्याकडे मे महिन्यात कोकणात निघालेल्या गाडीच्या फलाटावर उभे राहिले, तर यातला एक पोलीस सोडून बाकी सगळे जसेच्या तसे भेटते. कधी कधी पोलीसही भेटतो.

माझ्या मागणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दाखला क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचा आहे. १८७७ च्या सुरुवातीला मोनेने पॅरिसमधल्या सँ-लाझार स्थानकात बसून काम करण्याची परवानगी रेल्वे कंपनीकडे मागितली आणि ती त्याला मिळाली. काचेच्या छपराखाली साचणारी वाफ, तिच्यातून झिरपणारा निळसर उजेड, सिग्नल, यार्डातले रूळ अशी बारा चित्रे त्यातून तयार झाली. त्या काळी मोने हा काही मान्यवर कलावंत नव्हता. टीकाकार त्याची टर उडवत होते आणि घरी पैशांची ओढाताण होती. कंपनीने त्याला पैसे दिले नाहीत की पुरस्कारही दिला नाही, फक्त बसू दिले. बसू देण्यातून काय घडते, हे आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत पाहता येते.

इंग्लंडमध्ये तर रेल्वेचित्र ही एक स्वतंत्र शाखाच झाली. टेरेन्स क्युनिओ हा चित्रकार इंजिनांचा एकेक रिव्हेट ध्यानात ठेवून चित्र काढी आणि पुढच्या काळात प्रत्येक चित्रात कुठे तरी एक छोटासा उंदीर लपवून ठेवी. तो शोधण्यासाठी लोक चित्रासमोर रेंगाळत. डेव्हिड शेफर्ड हा खरे तर हत्ती-वाघांची चित्रे काढून नावाजलेला माणूस. वाफेची इंजिने मोडीत निघणार हे दिसू लागल्यावर तो काजळी आणि तेलाने माखलेल्या शेडमध्ये जाऊन चित्रे काढू लागला, आणि पुढे १९६७ मध्ये त्याने चक्क दोन इंजिने विकत घेतली. १९७९ पासून तिथे रेल्वे चित्रकारांची स्वतःची संघटना आहे.

आपल्याकडे हे अगदीच नाही, असे मात्र नव्हे, आणि ज्यांचे नाव घ्यायचे ते चित्रकार ठाण्याचेच आहेत. सुधीर पटवर्धन यांनी ठाण्यात अनेक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत असतानाच कामगारांची, उपनगरांची आणि लोकलने ये-जा करणाऱ्या माणसांची चित्रे काढली. १९८१ मधले त्यांचे ‘ओव्हरब्रिज’ हे चित्र आपल्या रोजच्या पुलावरून चालणाऱ्या कोणालाही परके वाटणार नाही. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९-२० मध्ये त्यांच्या सर्व काळातल्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा मी ते दोनदा पाहिले. दुसऱ्या खेपेस परतताना लोकलच्या दारात उभा होतो, तर आजूबाजूचे चेहरे नुकतेच कुठे तरी भेटल्यासारखे वाटत होते. पटवर्धन यांच्या चित्रांत गाडीपेक्षा गाडीने थकवलेली माणसे अधिक असतात. पण रेल्वेचित्र म्हणजे केवळ इंजिन, ही समजूत सोडली तर आपल्याकडच्या रेल्वेचित्राची खरी वाट तीच आहे असे मला वाटते.

कारण काढण्यासारखे इथे फार आहे. रूळ वरून चांदीसारखा चकाकतो आणि बाजूने गंजाने विटकरी असतो. ब्रेकची धूळ बसून स्थानकातली खडी काळपट-तपकिरी झालेली असते, तर फलाट संपल्यावर तीच खडी राखाडी दिसू लागते. पहिल्या पावसात पेंटोग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, आणि वरची तार यांच्यामध्ये निळी ठिणगी उडते. पारसिक बोगद्याचे तोंड, खाडीवरचे पूल, ऐरोली-रबाळेच्या बाजूने जाताना एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे कारखान्यांच्या शेड, भर दुपारी खांद्यावर हातोडा आणि पान्हे घेऊन ओळीने चालणारे ट्रॅकमन, दारात माणसे लोंबकळणाऱ्या डब्यांची वाकलेली रांग. हे सारे फोटोत येते, नाही असे नाही. पण फोटो काढणारा क्षणभर थांबतो आणि चित्र काढणाऱ्याला तास-दोन तास एका जागी बसून तेच ते पुन्हा पाहावे लागते, आणि तेवढा वेळ पाहिल्यावरच चाके नेमकी किती हे कळते.

शिवाय यातले बरेच काही डोळ्यांदेखत जात आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेवरची पहिली गाडी ज्या १५०० व्होल्टच्या एकदिश (डीसी) विद्युतप्रवाहावर धावली, तो प्रवाह २०१६ मध्ये हार्बर मार्गावरून कायमचा गेला. त्यावर धावणाऱ्या, लाकडी बाकांच्या, पिवळ्या-तपकिरी लोकल आता कुठे दिसत नाहीत. त्यांचे फोटो भरपूर असतील. समोर बसून काढलेले एखादे बरे चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही.

ते का नाही, याचे एक साधे कारण मला अनुभवाने कळले. निवृत्तीनंतर एका सकाळी, गर्दी ओसरल्यावर, मी या परिसरातील एका स्थानकाच्या फलाटाच्या टोकाशी घडीच्या स्टुलावर वही घेऊन बसलो. तिकीट खिशात होते. दहा मिनिटांत एका गणवेशधारी गृहस्थांनी, आवाज न चढवता, परवानगी आहे का असे विचारले. ती कोणाकडे मिळते, हे त्यांना सांगता येईना. मी एका कार्यालयात गेलो. तिथून दुसऱ्या खिडकीकडे धाडण्यात आले, आणि तिथे मला चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी भरायच्या अर्जाविषयी माहिती मिळाली. किती माणसे, किती कॅमेरे आणि किती दिवस, हे प्रश्न ऐकून मी पेन्सिल खिशात ठेवली. सुरक्षेची काळजी मला समजते, आणि त्या गृहस्थांचे काही चुकले असेही मी म्हणणार नाही. फक्त पेन्सिल घेऊन बसणाऱ्या माणसासाठी एखादा अर्ज असू शकतो, हेच तिथे कोणाच्या गावी नव्हते.

चंद्रपूर आणि बल्लारशाह या स्थानकांच्या भिंतींवर स्थानिक कलावंतांनी ताडोबाचे जंगल आणि वाघ रंगवले आणि त्यांचे देशभर नाव झाले, ते त्यांनी आपल्या दाराशी जे आहे तेच काढले म्हणून. आपल्या दाराशी रेल्वे आहे. तेव्हा रेल्वे प्रशासनाला विनंती अशी की, ठाणे आणि नवी मुंबईतील मोजक्या स्थानकांवर, गर्दी नसलेल्या वेळांत, पिवळ्या रेषेपासून दूर अशी एखादी जागा चित्र काढणाऱ्यांसाठी ठरवून द्यावी. शाळांच्या आणि कलाशाळांच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांसोबत तिथे बसता यावे. भिंत रंगवायला देताना, ज्यांनी आधी त्या जागी बसून रेखाटने केली आहेत त्यांना प्राधान्य मिळावे. वाशी, बेलापूर यांसारख्या सिडकोच्या प्रशस्त स्थानकांत मोकळी दालने आहेत. १६ एप्रिलच्या सुमारास तिथे या चित्रांचे आठवडाभर प्रदर्शन भरवता येईल, त्याला खर्च फारसा येणार नाही.

आणि हे सगळे एकदम जमणार नसेल, तर निदान परवानगीचा अर्ज कोणाकडे, किती दिवस आधी आणि कोणत्या कागदांसह द्यायचा, एवढे तरी स्थानकातल्या सूचनाफलकावर लावावे. माझे स्टूल तयार आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
नौपाडा, ठाणे