विषयांतर

चेंबूर, मुंबई
१४ जुलै, रात्री

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. रोज लिहीन म्हणते आणि रोज राहून जातं. आज पावसानं हार्बर लाइन बंद, त्यामुळे शाळेत जाता आलं नाही. छत्रीही वाळत पडली आहे, मीही.

तू विचारलंस, "नक्की काय शोधते आहेस गं? एका वाक्यात सांग, सासूबाईंना सांगायचंय." घे: नववीतली मुलंमुली मोबाइलवर काय बघतात, मुलगा की मुलगी यानं त्यात काय फरक पडतो, आणि त्यावर त्यांचं स्वतःचं म्हणणं काय. प्रबंधाचं शीर्षक याच्या तिप्पट लांब आहे, ते सासूबाईंना नको.

शाळा गोवंडीच्या बाजूची, पालिकेची. परवानग्यांत एक अख्खा उन्हाळा गेला, ते सोड. संमतीपत्रांची गंमत मात्र ऐक. संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी आमची समिती आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचना धरून चालते. बारा ते अठरा वयाच्या मुलांची स्वतःची लेखी अनुमती लागते, आईवडिलांची संमती वेगळी. एका वडिलांनी न वाचता सही ठोकली आणि वर विचारलं, "अजून कुठं करायची?" एका आईनं मात्र फॉर्म दोनदा वाचून घेतला. "पोरीचं नाव पेपरात येणार नाय ना?" मुलांच्या फॉर्मवर 'मला नको वाटलं तर मी मध्येच थांबू शकते' असं एक वाक्य आहे. एका मुलीनं त्याखाली पेनानं रेघ मारली आणि म्हणाली, "ताई, हे खरं का?"

मग पॉक्सो. २०१२ च्या त्या कायद्यानं, अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणजे 'तुम्ही बोलाल ते माझ्याजवळच राहील' असं छातीठोकपणे सांगायची सोय नाही. पहिल्याच दिवशी मी हे समजावून सांगितलं आणि वर्ग गप्प झाला. त्या गप्प बसण्यात काय काय होतं ते मला अजून ठाऊक नाही. रेकॉर्डरवर ते फक्त अकरा सेकंद आहे.

मुलींच्या गटात विचारलं, फोन कोण कोण वापरतं? "आमच्याकडे फोनच नाय." एकजात सगळ्या. मी वहीत लिहिलंही तसंच. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, बरं, घरातला फोन दिवसभरात कुठे कुठे फिरतो त्याचा नकाशा काढा. काय सुंदर नकाशे निघाले, सुमे! दहा बाय बाराची खोली, सकाळी फोन बाबांच्या खिशात, संध्याकाळी दादाच्या हातात, रात्री टीव्हीमागे चार्जिंगला. एकीनं मात्र पहाटे साडेपाचला, नळाला पाणी येतं त्या वेळेला, एक बारीक ठिपका दिला होता. हे काय? "तेव्हा सगळे झोपलेले असतात. पाणी भरायला मीच उठते." हंडे भरेपर्यंत वीस मिनिटं फोन तिचा. इन्स्टावर अकाउंट आहे, डीपीला जास्वंद, नाव मुलाचं. मुलाचं का गं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की बस. "मुलाला कोण त्रास देतं?"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के निघाले. पहिल्या प्रकरणात मी हे आकडे मोठ्या ऐटीत दिलेत. पण तिथे मोजणी पंधरा वर्षांपासून पुढे. आणि ही जास्वंदवाली पंधराची झाल्यावर दारात कोणी कागद घेऊन आलं, आई शेजारी उभी असली, तर ती काय सांगेल? "नाय."

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते.

एके दिवशी मी विचारलं, मोबाइलमुळे कशाची भीती वाटते? मला वाटलं, अनोळखी माणसांचे मेसेज येतील, घाण कमेंट येतील. मुली बोलायला लागल्या संडासाबद्दल. दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाच्या दाराला कडी नाही. एक आत जाते, दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. मैत्रीण गैरहजर असली तर सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. मी दोन मिनिटं ऐकलं आणि गोड आवाजात म्हटलं, "हो का? त्यावर आपण नंतर बोलू हं." घरी येऊन त्या तुकड्यासमोर लिहिलं, 'विषयांतर'.

तीन आठवड्यांनी रात्री हेडफोन लावून तो भाग उतरवून काढत होते. बाक सरकल्याचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, आणि माझ्या त्या 'हं'च्या खाली दबलेलं एक अर्धं वाक्य. चार वेळा मागे नेलं तेव्हा लागलं. "...आणि वरून कुणी फोन धरला तर?"

बाई गं! पोरी माझ्याच प्रश्नाचं उत्तर देत होत्या. दाराला कडी नाही हे कित्येक वर्षांचं असेल, पण बाहेर उभ्या असलेल्या जगाच्या हातात आता कॅमेरा आहे. मी माध्यमं शोधत होते पडद्यावर, आणि त्यांच्यासाठी ती दाराच्या फटीत होती.

आमच्या क्षेत्रात लॉरा लुंडी नावाच्या बेलफास्टच्या प्राध्यापिकेचा २००७ चा एक लेख सगळेच उद्धृत करतात. १९८९ च्या बालहक्क संहितेचं बारावं कलम सांगतं की मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांना मत मांडायचा हक्क आहे आणि त्या मताला वजन द्यायला हवं. आपल्या देशानं ती संहिता १९९२ साली स्वीकारली. लुंडीबाई म्हणतात, नुसत्या 'आवाजा'नं भागत नाही. बोलायला निर्धास्त जागा हवी, मत मांडायला मदत हवी, ऐकून घेणारं कुणी हवं, आणि ऐकल्यावर काहीतरी हलायला हवं. सिनॉप्सिसमध्ये मी याची रंगीत आकृती काढली होती. त्यातलं 'ऐकून घेणारं' म्हणजे मुख्याध्यापिका, पालिका, सरकार, असं मी बिनदिक्कत धरून चालले होते. आणि रेकॉर्डरवर "नंतर बोलू हं" म्हणणारी कोण, तर मी.

दुसऱ्या दिवशी मुलींची माफी मागितली. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. मोठी माणसं 'नंतर' म्हणतात हे त्यांना पाठ आहे. मी मुख्याध्यापिकांकडे जाते म्हटलं तर घाबरल्या. "आम्हीच बोललो हे कळेल ना." बरोबरच होतं. गट सात जणींचा, बाईंना ओळखायला कितीसा वेळ लागणार?

इथे मला 'पुकार' आठवलं. मुंबईतल्या या संस्थेत वस्त्यांमधली तरुण पोरंपोरी स्वतःच्या परिसराचं संशोधन स्वतः करतात. ती सुरू करणाऱ्या अर्जुन अप्पादुराईंनी 'संशोधनाचा हक्क' अशी मांडणीच केली आहे. मी फक्त म्हटलं, कोण बोललं ते सांगायचंच नसेल तर मोजून दाखवूया का? मधल्या सुट्टीत पोरींनी शाळेतल्या आपल्या संडासांची सगळी दारं मोजली. अकरा दारं, चार कड्या, एक सुतळी.

आणि मग मुलं आली. माझ्या मुलांच्या गटाबद्दल तुला काय सांगू? सगळी उत्तरं बरोबर द्यायची. मुलगा-मुलगी समान, घरकाम दोघांनी करावं, सगळं परीक्षेला बसल्यासारखं. मला त्यातून काहीच मिळत नव्हतं. पण दारांची मोजणी चालली आहे म्हटल्यावर दोघं रेंगाळले. "ताई, आमच्याकडे तर दारंच नाय. ते मोजणार का?" त्यातला एक घरात लावणीवर नाचतो, रील बनवतो आणि वडील कामावरून यायच्या आत डिलीट करतो. त्याला शाळेत लघवीला जायची धास्ती वाटते. पोरं मागून व्हिडिओ काढून 'बायल्या' लिहून ग्रुपवर टाकतात. हे त्यानं आधी का सांगितलं नाही, असं मी विचारणार होते, पण जीभ आवरली. 'मुलग्यांना भीती' असा रकानाच माझ्या आराखड्यात नव्हता.

तक्ता कार्डशीटवर झाला. मुख्याध्यापिका बाई खरंच भल्या आहेत. तक्ता बघून बराच वेळ बोलल्याच नाहीत. असल्या खर्चाला पैसे मागायचे तर कागद किती फिरतो ते तुला सांगायला नको. शेवटी शिक्षकांनीच वर्गणी काढली आणि शिपाईमामा कड्या घेऊन आले. सोमवारी पोरी धावत वर गेल्या आणि हसत खाली आल्या. सुतारानं एक कडी बाहेरून ठोकली होती! "आता बाहेरून कोंडायची सोय झाली, ताई." मंगळवारी ती आत आली. मुलांकडच्या दारांचा प्रश्न अजून 'बघू'वर आहे.

हे सगळं प्रबंधात कुठे बसवायचं यावर गाईडबाईंशी वाद चालू आहे. त्यांच्या मते ते परिशिष्टात जावं.

दुसरी अडचण नावांची. नियमानं मुलांची खरी नावं द्यायची नाहीत, म्हणून टोपणनावं त्यांनाच निवडायला सांगितली. दोन विराट, एक रश्मिका, एक 'बिजली'. जास्वंदवाली अडून बसली. मोजणी तिची, तक्त्यावरचं अक्षर तिचं, मग नाव का नाही? मला आपल्या डी.एड.चं संमेलन आठवलं. तू मुक्ता साळवेचा निबंध म्हणून दाखवायचीस आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यायची. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली पोर, १८५५ साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात मांग-महारांचं दुःख लिहिते, वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता ते सांगा म्हणते, आणि आजही तो निबंध तिच्याच नावानं वाचला जातो. मी तिची मुलाखत घेतली असती तर 'सहभागी क्र. ७, मुलगी' झाली असती. हे मी जास्वंदवालीला सांगितलं, ते चुकलंच माझं. ती म्हणाली, "बघा!"

शेवटी तडजोड म्हणून म्हणते, "मग माझ्या अकाउंटवरचं नाव लिहा." आता ते लिहिलं तर तिच्या दादाला पहिलं सापडेल. हे समजावल्यावर रुसली ती रुसलीच. बाकी सगळ्यांची नावं भरली आहेत, तिचा रकाना कोरा आहे, आणि पंधरा दिवसांत प्रकरण द्यायचं आहे.

गणपतीत तुझ्याकडे यायचं नक्की. तोवर तुझ्या आठवीतल्या मुलींना फोनचा नकाशा काढायला सांगशील का? संगमेश्वरला तो टीव्हीमागे नाही, रेंज मिळते त्या दगडावर सापडेल बहुतेक. आणि आमसुलं पाठव, इथली नुसती मिठाची असतात. काकूंना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझी,
नंदा