रिव्हिजन ६१४ आमच्या पावसाने तुटलेलं नाही

देवगड, जि. सिंधुदुर्ग
दि. १२ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सबव्हर्जन रिपॉझिटरी गिटवर नेताना रिव्हिजन ६१४ पाशी अडत असल्याबाबत, आणि चार वेळा परस्पर बंद केलेलं तक्रारीचं तिकीट पुन्हा उघडण्याबाबत.

महोदय,

२०१४ पासून दरवर्षी पैसे भरून मी तुमच्याकडे सबव्हर्जनची रिपॉझिटरी, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलींमधला प्रत्येक बदल जपणारा साठा, ठेवतो. माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, प्रोग्रॅम लिहिणं हा रात्रीचा नाद. रिपॉझिटरीत दोनच प्रकल्प आहेत. एक हापूसच्या पेट्यांचा आणि दलालाकडून आलेल्या पट्टीचा हिशोब जुळवणारा, दुसरा देवगड बंदरातल्या भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा. यातलं काही मी विकत नाही. तुमचे प्रतिनिधी फोनवर म्हणाले, "पर्सनलच आहे ना सर, मग लेटेस्ट फाइली पुरेत की." त्यांना पुरेत, मला नाही.

३१ ऑगस्टनंतर सबव्हर्जन बंद, गिट या तशाच दुसऱ्या प्रणालीवर या, असा मेल तुम्ही मे महिन्यात पाठवलात. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. उलट तौक्ते वादळापासून मलाच गिटवर जायचं होतं. मे २०२१ मध्ये ते किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा वीज गेली, टॉवर गेले. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालला, पण सबव्हर्जनमध्ये कमिट करायचं, म्हणजे बदल नोंदवायचा, तर समोर सर्व्हर लागतो. मग 'हिशोब नवा', 'हिशोब नवा २', 'हिशोब नवा २ खरा' अशा फाइलींच्या नकला करत बसलो. गिटमध्ये कमिट आपल्याच मशीनवर होतं आणि अख्खा इतिहास प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे नकलेत, असतो. पावसाळ्यात नेटवर्क पाहुण्यासारखं येतं त्या गावाला तेच बरं.

तर जूनमध्ये मी लेखकांच्या नावांची फाइल तयार करून सगळा इतिहास गिटमध्ये आणणारी 'गिट एसव्हीएन क्लोन' ही आज्ञा लावली. एकूण १,१३८ रिव्हिजन, म्हणजे ओळीने क्रमांक दिलेल्या बदलांच्या नोंदी, आहेत. ६१३ पर्यंत सगळं सुरळीत आलं आणि ६१४ ला 'चेकसम जुळत नाही' असं, म्हणजे फाइल शाबूत असल्याची पडताळणी फसली असं, सांगून थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, पुन्हा ६१४.

यावर तुमचं लेखी उत्तर असं: "आपल्या भागातील इंटरनेट अस्थिर असल्याने पाऊस कमी झाल्यावर प्रयत्न करावा." आणि तिकीट बंद. म्हणून मी कणकवलीच्या मित्राकडून लावून पाहिलं, तिथे ६१४. पुण्यात भाच्याच्या घरी फायबर आहे, तिथेही ६१४. आमच्याकडची लाइन तुटते हे खरं, पण ती कधी २०० ला तुटेल, कधी ९०० ला. पावसाला आकडे मोजता येत नाहीत.

दोष कुठे असावा तेही सांगतो. सबव्हर्जनच्या एफएसएफएस नावाच्या साठवणीत, अनेक रिव्हिजन एका फाइलीत पॅक केलेली नसतील तर, प्रत्येक रिव्हिजनची सर्व्हरवर वेगळी फाइल असते. तुमच्याकडची ६१४ ची फाइल खराब झाली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तुम्ही सर्व्हर हलवलेत, तेव्हाच झाली असावी असा माझा अंदाज. रोजचा चेकआउट, म्हणजे ताज्या फाइली उतरवून घेणं, बिनतक्रार चालतो, कारण त्या रिव्हिजनमधली बिघडलेली फाइल मी पुढे स्वतःच काढून टाकली होती. म्हणून इतके दिवस ना तुम्हाला कळलं ना मला. तुमच्या माणसाने सगळी रिव्हिजन तपासणारं 'एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय' एकदा चालवलं असतं तरी हे दिसलं असतं. चार तिकिटांत ते कुणी केलेलं नाही.

आता त्या ६१४ मध्ये काय होतं? आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा ढोबळ हिशोब झाला. आमच्या बंदरात तो उधाणाला किती चुकतो आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) किती, हे शेजारच्या एका म्हाताऱ्या काकांनी ४७ दिवस जेटीवर बसून टिपून दिलं होतं. वेळ, आणि जेटीची कितवी पायरी बुडाली ते. ते वहीतून मी टाइप केलं, तेच ६१४. पुढे मी १२ तास २५ मिनिटांच्या मुख्य चांद्र घटकापासून, म्हणजे भरतीतल्या चंद्राच्या ओढीच्या मुख्य हिश्शापासून, सुरुवात करून शास्त्रीय पद्धत घातली आणि ती जुनी फाइल काढली. सबव्हर्जनमधून काढलेलं कधीही परत मिळतं, या भरवशावर. वही आता नाही, काकाही नाहीत. माझ्या लॅपटॉपची डिस्क २०२० मध्येच गेली. बॅकअप का ठेवला नाहीत, असं विचारलंत तर उत्तर एकच: तो ठेवायचेच पैसे तुम्हाला देत होतो.

तुमच्या 'एका क्लिकवर गिट' बटणाचंही सांगायला हवं. ते ६१३ पर्यंत आलं आणि पुढच्या ५२५ रिव्हिजनचं एकच कमिट करून हिरव्या अक्षरात 'यशस्वी' म्हणालं. माझे मराठीतले कमिट संदेश ओळीने प्रश्नचिन्हं झाले ते वेगळंच.

माझी मागणी एवढीच आहे. सर्व्हर हलवण्याआधीच्या बॅकअपमधून ६१४ ची फाइल काढून जागेवर ठेवा, व्हेरिफाय चालवून त्याचा निकाल मला पाठवा आणि पूर्ण रिपॉझिटरीची डंप फाइल, म्हणजे इतिहासासकट एका फाइलीतली नक्कल, द्या. बॅकअप उरला नसेल तर तसं स्पष्ट लेखी कळवा आणि यंदाची वर्गणी परत करा. काम होईपर्यंत माझी रिपॉझिटरी निदान वाचण्यापुरती चालू ठेवा, ३१ ऑगस्टला पुसू नका. २७ तारखेला चतुर्थी आहे, त्या आठवड्यात कोकणातला माणूस घरात गणपती सोडून तुमचं तिकीट भरत बसणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे हेलपाटे तुम्हाला पडतील.

तिन्ही ठिकाणचे एररचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. दुकान साडेनऊला उघडतं, त्यानंतर केव्हाही फोन करा. फक्त 'कॅशे क्लिअर करून बघा' हे सांगायला करू नका, ते मी चारदा केलं आहे.

आपला,
२०१४ पासूनचा एक ग्राहक