बिनतारी संदेशवहनाच्या भिंतपटातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष भिंतपट बदलून मिळणे अथवा रक्कम परत मिळणे

महोदय,

आमच्या हौशी रेडिओ मंडळासाठी मी आपल्याकडून दोन महायुद्धांदरम्यानच्या ब्रिटिश साम्राज्याचे बिनतारी जाळे दाखवणारा भिंतपट मागवला. कागद व छपाई उत्तम आहे. तक्रार मजकुराविषयी आहे.

पटावर खडकीच्या खुणेखाली ‘ग्रहण केंद्र’ आणि दौंडखाली ‘प्रक्षेपण केंद्र’ असे छापले आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 1927 मध्ये सुरू झालेल्या इंग्लंड-हिंदुस्थान बीम सेवेत (एकाच दिशेने रोखलेल्या रेडिओलहरींनी तारा पाठवण्याच्या सेवेत) प्रक्षेपण खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला. तिकडे इंग्लंडात हीच कामे अनुक्रमे ग्रिम्स्बी व स्केग्नेस यांच्याजवळच्या केंद्रांकडे होती. प्रक्षेपण व ग्रहण केंद्रे मुद्दाम एकमेकांपासून लांब ठेवलेली असत, कारण शेजारीच शक्तिशाली प्रक्षेपक धडधडत असताना हजारो किलोमीटरवरून आलेला क्षीण संकेत टिपणे अशक्यप्राय होते. पुणे जिल्ह्यातल्या ग्राहकाला ही अदलाबदल अधिकच खटकते, हे आपण समजू शकाल.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. खडकीतून निघालेली लाल रेघ थेट इंग्लंडातल्या रग्बी गावाजवळच्या केंद्राला नेऊन टेकवली आहे. 1 जानेवारी 1926 रोजी सुरू झालेले रग्बीचे केंद्र 820 फूट उंचीच्या बारा मनोऱ्यांवरून सुमारे 18 किलोमीटर लांबीच्या लहरी सर्व दिशांना पाठवत असे. समुद्रावरील युद्धनौका नेमकी कोठे आहे हे ठाऊक नसतानाही तिला आदेश पोहोचावा, यासाठी आरमाराला असेच केंद्र हवे होते. बीम सेवेचे तत्त्व याच्या विरुद्ध : दिवसा सुमारे 16 व रात्री सुमारे 34 मीटरच्या लघुलहरी एका ठरलेल्या केंद्राच्या रोखाने एकवटायच्या. त्यामुळेच तुलनेने थोड्या शक्तीत व्यापारी तारा झपाट्याने जात आणि समुद्राखालच्या केबल कंपन्यांचे धाबे दणाणले. ही दोन तंत्रे एकाच रेघेने जोडली, तर पटाचा मूळ विषयच चुकीचा शिकवला जातो.

यावर आपल्या प्रतिनिधीने ‘रेखाटन केवळ सूचक आहे’ असे कळवले. रेघांची वळणे सूचक असू शकतात. केंद्राचे काम सूचक असू शकत नाही.

तरी दुरुस्त प्रत विनामूल्य पाठवावी, अन्यथा टपालखर्चासह पूर्ण रक्कम परत करावी, आणि दुरुस्ती होईपर्यंत या पटाची विक्री थांबवावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. देयकाची प्रत व चुकीच्या भागांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक, पुणे