पट्ट्यावरची मिनिटं

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू टीएमटी रूमवर, म्हणजे पेशंटला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून त्याचा ईसीजी बघायचा. ईसीजी तू रोज काढतेसच, आणि मशीनची बटणं दोन दिवसांत हाताला बसतील. त्याबद्दल लिहीत नाही. लिहायचंय ते रिपोर्टवरच्या एका आकड्याबद्दल, ज्याच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं: पेशंट पट्ट्यावर किती मिनिटं चालला. जो तो एसटीची रेषा, म्हणजे ईसीजीत ठोक्याच्या उंच टोकानंतरचा तुकडा खाली गेला का तेवढं, बघतो आणि "पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?" एवढंच विचारतो. पण त्या माणसाच्या हृदयाचं पुढे काय, हे ही मिनिटं रेषेइतकंच सांगतात, पुष्कळदा जास्तच. ती खरी नोंदली जाणं तुझ्या हातात आहे.

ब्रूस प्रोटोकॉल, म्हणजे पट्टा कसा वाढवत न्यायचा त्याचं ठरलेलं वेळापत्रक, तुला पाठ हवा. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्या स्टेजला ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरीला ४ आणि १२, तिसरीला साधारण ५.५ आणि १४, चौथीला ६.७ च्या आसपास आणि १६. कष्ट मोजायचे मेटमध्ये. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, तो एक मेट. दुसरी स्टेज पुरी करणारा साधारण ७ मेटपर्यंत पोचतो, तिसरी पुरी करणारा १० पर्यंत. म्हणजे प्रत्येक मिनिट जवळजवळ एका मेटचं. वयस्कर किंवा फार अशक्त पेशंटला ही पहिलीच पायरी उंच पडते. त्याच्यासाठी मॉडिफाइड ब्रूस, म्हणजे याचीच सोप्या सुरुवातीची आवृत्ती, घ्यायची का, हे डॉक्टरांना आधीच विचार. टेस्ट ८ ते १२ मिनिटं चालली तर उत्तम.

मिनिटं खोटी ठरतात ती मुख्यतः कठड्यामुळे. घाबरलेला माणूस दांडा घट्ट धरतो, अंगाचा भार हातांवर घेतो आणि पाय नुसते पट्ट्याबरोबर फिरत राहतात. मशीनला यातलं काही कळत नाही, ते ९ मिनिटांचे पुरे मेट छापून मोकळं होतं. म्हणून सुरू करण्याआधी चालून दाखव: पट्ट्याच्या पुढच्या भागात राहायचं, नजर समोर, पावलं लांब टाकायची. तोल जाईल असं वाटलं तर दोन बोटं दांड्यावर नुसती टेकवायची, मूठ वळायची नाही. तरीही त्याने धरूनच चाललं, तर रिपोर्टमध्ये तसं लिही.

दुसरी चूक घाईची. २२० वजा वय हा मिनिटाच्या कमाल ठोक्यांचा अंदाज, त्याचे ८५ टक्के गाठले की बरेच जण पट्टा थांबवतात. पन्नाशीच्या माणसाचे १७०, त्याचे ८५ टक्के म्हणजे १४५. पण हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. ८५ टक्के गाठणं म्हणजे टेस्ट पुरेशी झाली, संपली नव्हे. लक्षणं नाहीत, ईसीजी स्वच्छ आहे, बीपी ठीक चढतंय, तर डॉक्टरांच्या नजरेखाली त्याला दमेपर्यंत चालू दे.

ड्यूक स्कोअर, म्हणजे टेस्टवरून हृदयाचा पुढचा धोका सांगणारा अंक, मांडून बघ म्हणजे पटेल. मिनिटं घे, त्यातून एसटी किती मिलिमीटर सरकला ते गुणिले ५ वजा कर, मग छातीत दुखण्याचा अंक गुणिले ४ वजा कर. दुखलं नाही तर शून्य, दुखलं पण चालता आलं तर १, दुखण्यामुळे थांबावं लागलं तर २. ५ आणि वर म्हणजे धोका कमी, उणे ११ आणि खाली म्हणजे जास्त, मधले मध्यम. आता समज, एसटी जागचा हललेला नाही, दुखणं नाही, माणूस १० मिनिटं चालू शकतो. तू ठोका बघून त्याला चौथ्या मिनिटाला थांबवलंस. स्कोअर ४. चांगलं हृदय मध्यम धोक्याच्या गटात जाऊन बसलं.

थांबवायचं तेव्हा मात्र क्षणाचाही विचार नको. कष्ट वाढत असताना वरचं बीपी सुरुवातीपेक्षा १० हून जास्त खाली आलं आणि जोडीला छातीत दुखणं किंवा ईसीजीत बदल असला, वाढतं दुखणं असलं, चक्कर, पाय अडखळणं, चेहरा पांढरा पडणं, व्हीटीची (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणाऱ्या धोकादायक जलद ठोक्यांची) ओळ सुरू होणं, एसटी वर उचललं जाणं, किंवा त्याने स्वतः "पुरे" म्हणणं. बीपी २५०/११५ च्या वर गेलं तरी डॉक्टर थांबवतात. डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, रोज सकाळी तपासलेला हवा.

बीपी प्रत्येक स्टेजच्या शेवटच्या मिनिटात, हातानेच घे. त्या वेळी त्याचा हात दांड्यावरून सोडवून तुझ्या हातावर सैल ठेव, आवळलेल्या हाताचं बीपी चुकतं.

आता त्वचा. हे काम कंटाळवाणं म्हणून उरकलं जातं आणि पुढे सगळी टेस्ट नासते. केस काढ, स्पिरिटने तेल आणि घाम पूस, ते वाळू दे, मग खरखरीत गॉझने हलकं घास. त्वचा जरा गुलाबी झाली की पुरे. हातांचे इलेक्ट्रोड गळपट्टीच्या हाडाखाली, पायांचे कमरेच्या वर धडावर. हे इलेक्ट्रोड हातापायांऐवजी धडावर असल्यामुळे आलेख साध्या ईसीजीसारखा तंतोतंत येत नाही, म्हणून बेसलाइन, म्हणजे टेस्टआधीचा तुलनेचा ईसीजी, याच इलेक्ट्रोडवर काढ, झोपवून आणि उभं करून दोन्ही. वायरी पेशंटच्या अंगाला बांध, लोंबती वायर प्रत्येक पावलाला रेषा हलवते. आणि कॉम्प्युटरने ठोक्यांची सरासरी काढून गुळगुळीत केलेल्या चित्रावर एकट्यावर भिस्त ठेवू नकोस. रेषा डुलत असेल तर एसटी खरोखर खाली नसतानाही ती सरासरी तो खाली दाखवते. सरासरी न काढलेल्या कच्च्या पट्टीवर ओळीने तीन ठोके न डुलणाऱ्या रेषेवर सापडतात का बघ, आणि त्यांचा एसटी आडवा किंवा उतरता, एक मिलिमीटर खाली आहे का ते मोज. खाली जाऊन वर चढत जाणारा एसटी तितका बोलत नाही.

डावा बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतवाटेतला अडथळा), पेसमेकरची लय, डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयातली जन्मजात जादा विद्युतवाट) किंवा विश्रांतीतच एक मिलिमीटरहून जास्त खाली असलेला एसटी दिसला, तर टेस्टआधीच डॉक्टरांना दाखव. अशा ईसीजीत इस्केमिया, म्हणजे हृदयाला कमी पडणारं रक्त, वाचता येत नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर तेही सांग. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी करणारी गोळी, बंद करायला तू कधीच सांगायचं नाही, घेतली असेल तर नाव आणि वेळ लिहायची.

पट्टा थांबला की तुझं काम संपत नाही. एकदम थांबवून नुसतं उभं ठेवलं तर रक्त पायांत साचून माणूस कोसळू शकतो. पहिल्या मिनिटात ठोके किती उतरले ते टिपून ठेव: हळू चालवत असशील तर १२ किंवा त्याहून कमी उतरणं चांगलं नाही, लगेच आडवं केलं असेल तर सीमा १८ ची धरतात. किमान ६ मिनिटं इलेक्ट्रोड काढू नकोस. काही जणांचा एसटी याच वेळात पडतो.

आणि शेवटचा रकाना, "थांबवण्याचं कारण". तिथे "दमला" लिहून मोकळी होऊ नकोस. त्यालाच विचार, पाय भरून आले, दम लागला, छातीत आवळलं की गरगरलं, आणि त्याच्याच शब्दांत लिही.

तुझी,
आई